बुद्धभूषणनं सुधारलेली गाडी

कसबा बावड्यात बुद्धभूषणला ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड, आणि त्याच्या हुशारीनं एकदा तरी पोळला नाही असा माणूस सापडणं त्याहून अवघड. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोग एकच. नीट चाललेली वस्तू त्याला बघवत नाही. ती आणखी चांगली चालायला पाहिजे असं त्याला वाटतं, आणि मग ती बंद पडते.

दिवसा तो उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर असायचा. तिथं ड्रॉइंगमधल्या मापाच्या बाहेर सुताएवढंही जायची सोय नाही. त्यामुळं दिवसभर कोंडून पडलेली सगळी बुद्धी संध्याकाळी घरी यायची. घरच्या मिक्सरला त्यानं जादा पिकअप दिला, तेव्हापासून खर्डा भांड्यात कमी आणि छताला जास्त. कुकरची शिट्टी सुधारली, ती वाजायचीच थांबली. त्याची बायको संघप्रिया सरकारी दवाखान्यात सिस्टर. भाजलेली माणसं तिनं रोज बघितलेली. तिनं तो कुकर मुकाट्यानं उचलला आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर नेऊन ठेवला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा जनरेटर ह्या गड्यानं आदल्या दिवशी सुधारून ठेवला, आणि बावड्यात पहिल्यांदाच जयंतीची मिरवणूक अगदी शांततेत पार पडली. पोलिसांनी कौतुक केलं. गल्लीतल्या पोरांनी मात्र पुढं कितीतरी दिवस त्याला जय भीमसुद्धा तोंडातल्या तोंडात घातला.

अशा माणसाच्या पोटी दीप्ती जन्माला आली आणि तिला मोटरसायकलचा नाद लागला. साध्या नव्हे, मोटोक्रॉसच्या. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना कल्पना यावी म्हणून सांगायचं, तर ऊस तुटून गेलेल्या रानात जेसीबी लावून मातीचे डोंगर आणि खड्डे करायचे, आणि चांगली चाललेली गाडी त्यावरनं हवेत उडवायची. रस्त्यावरचे खड्डे आम्हा लोकांना कमी पडतात, म्हणून बक्षीस लावून जादाचे खणून घ्यायचे.

पोरीचा हात मात्र खरोखरच चांगला होता. गाडी हवेत असताना ती अशी बसलेली असायची जणू चहाला आलीय. बुद्धभूषणच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच होता. देवावर त्याचा विश्वास नव्हता, नाहीतर तो म्हणाला असता की देवानं आपल्याला सुधारायला एक गाडी दिली.

गाडी मुळात साधी, बाजारात मिळते तसली. तिच्यात आता मूळचं म्हणावं असं नंबरप्लेटचं भोकच राहिलं होतं. पुढच्या फोर्कमध्ये जाड ऑइल आणि कडक स्प्रिंगा. मागचा शॉकॅप कुठल्याशा आपटलेल्या परदेशी गाडीचा, त्याला बसवायला स्वतः कातलेले बुश. मागचं चेनव्हील मोठं, म्हणजे वळणातनं निघताना ओढ जादा. फूटरेस्ट रुंद, वर करवतीसारखे दात, म्हणजे चिखलात बूट सटकायचा नाही. एवढं सगळं ठीक होतं, मान्य केलं पाहिजे. गाडी खरंच पळायची.

पण ठीक झाल्यावर थांबेल तो बुद्धभूषण कसला!

इंजिनाला आणखी हवा पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. हवेचा फिल्टर ज्या डब्यात असतो, त्या डब्याला कंपनीनं बारकं तोंड ठेवलेलं असतं. बुद्धभूषणला ते कंपनीचं अज्ञान वाटलं. त्यानं ते तोंड बंद केलं आणि सीटच्या पुढं, टाकीच्या बगलेला, आभाळाकडं तोंड करून दोन रुंद नळकांडी काढली. ज्याला-त्याला थांबवून तो सांगायचा, "धूळ कुठनं येती? खालनं. चिखल कुठनं येतो? खालनं. मग नाक कुठं पायजे? वर! एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांच्या डोक्यात आली न्हाय बघा."

ऐकणारा मान डोलवायचा आणि आपली गाडी ह्याच्या नजरेला पडायच्या आत चालू करून निघायचा.

अशात पुण्याच्या एका टीमनं दीप्तीला बोलावलं. चांगली गाडी, सरावाला ट्रॅक, सोबत स्वतंत्र मेकॅनिक. अट एकच, की घरची गाडी सोडायची. टीमचा मेकॅनिक जोतीराम घरी येऊन रीतसर बोलून गेला. मूळचा तो इकडचाच, पण पुण्यात राहून बोलणं निवळलेलं. बुद्धभूषणनं त्याला चहा पाजला आणि हात धरून गाडीपाशी नेलं. जोतीरामनं त्या नळकांड्यांकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काका, पाऊस आला तर?"

"पावसात शर्यत असती व्हय?" बुद्धभूषण म्हणाला, आणि त्याच भरात पुढचंही बोलून गेला. "हातकणंगल्याची शर्यत हाय रविवारी. माझ्या गाडीवर पोरगी पयल्या तिनात आली न्हाय, तर मी सोता तिची बॅग भरून तुमच्या टेम्पोत ठेवतो. आली, तर परत दारात यायचं न्हाय."

संघप्रिया आतनं म्हणाली, "पोरीला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? माझ्याबिगर तिला गाडी गावंल व्हय!"

बोलला खरा मोठ्या ऐटीत, पण त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कारखान्यात त्याला कुणी विचारत नव्हतं, गल्लीत लोक त्याला टाळत होते. सगळ्या जगात त्याच्या हातच्या वस्तूवर जीव टाकून बसणारं माणूस एकच होतं. तेच पुण्याला गेलं, तर संध्याकाळी घरी येऊन करायचं काय?

रविवारी हातकणंगल्याच्या माळावर बावड्याची निम्मी तालीम हजर होती. तालमीचे पुढारी आण्णा, ऊसवाले शेतकरी, गळ्यात रुमाल. शर्यतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण जिंकल्यावर काय करायचं ते पुरेपूर कळत होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हलगीवाले आणि गुलालाची पोती घेऊनच ते आले होते. गुलाल निळा का गुलाबी यावरनं बावड्यात आजवर कधी भांडण झालं नाही. उधळायला मिळाल्याशी मतलब.

शर्यतीच्या फेऱ्या दोन. दोन्हींचे गुण मिळून नंबर. पहिल्या फेरीत दीप्ती सुटली ती सुटलीच. सांगलीचा एक गडी दोन वळणं तिच्या मागं राहिला, मग तोही धुळीत गडप झाला. गाडी उंचवट्यावरनं उठायची आणि मांजरासारखी खाली टेकायची. बुद्धभूषण दोरीला धरून नुसता नाचत होता. "बघा, बघा, श्वास कसा घ्यायलीय बघा!" तो शेजारच्या पावण्याला म्हणत होता. पावण्याला वाटलं, पोरीबद्दल बोलतोय.

दीप्ती पहिली आली. दुसरी फेरी अजून बाकी होती. पण आमच्याकडं निम्मं जिंकल्यावर पुरा गुलाल उधळायची रीत आहे. मतमोजणीच्या पहिल्या फेरीत पुढं असलेल्या उमेदवाराची जिथं हत्तीवरनं मिरवणूक ठरते, तिथं एका पोरीच्या शर्यतीची काय कथा? हलगी कडाडली. तालमीच्या गड्यांनी दीप्तीला गाडीवरनं उतरूच दिलं नाही, गाडीसकट उचलली. "नाद खुळा!" कुणीतरी ओरडलं. बुद्धभूषण सकाळपासून गाडीला कुणाला बोट लावू देत नव्हता. त्याच्या हातात आण्णांनी अख्खं पोतं ठेवलं.

"बाप हाईस तू. पयला मान तुझा."

बुद्धभूषणनं मूठ नाही घेतली. लोकांनी एवढी वर्षं टाळलेलं तोंड, मिक्सर, कुकर, जनरेटर, सगळ्याचं उट्टं त्याला एकदम काढायचं होतं. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. त्यानं पोतं डोक्याच्या वर धरलं आणि लेकीवर उपडं केलं.

मग बाकीची पोती. मग फोटो. मग आण्णांचं भाषण.

दुसऱ्या फेरीची शिट्टी झाली तेव्हा गाडी गुलाबी झाली होती. बुद्धभूषणनं फडक्यानं टाकी पुसली, सीट पुसली, नंबर पुसला. दीप्ती हेल्मेटमधनं म्हणाली, "पप्पा, फिल्टर बघा की एकदा."

"त्यात काय जातंय? नाक वर हाय त्याचं!"

"म्हणूनच म्हणतोय, पप्पा."

"अगं जा, जा! लाइनीत हो आधी."

सुटताना गाडी ठीक सुटली. पहिलं वळण ठीक. मग सरळ पट्ट्यावर तिनं गाडी पिळली आणि गाडी खोकली. मागनं काळा धूर निघाला. "जाळ अन् धूर संगटच!" तालमीची पोरं आनंदानं किंचाळली. त्यांना वाटलं, आता खरा वेग लागला. बुद्धभूषणला मात्र तो आवाज कळला होता. इंजिन गुदमरत होतं.

मोठ्या उंचवट्यावर गाडी चढली, पण उठली नाही. पल्ला कमी पडला. पुढचं चाक पलीकडच्या उतारावर टेकायच्या ऐवजी अलीकडच्या खड्ड्याच्या काठावर दाणकन आदळलं. दीप्ती हँडलवरनं पुढं फेकली गेली, एक पाय सुटला, गाडी आडवी गेली. बुद्धभूषणला नंबर आठवला नाही, पुणं आठवलं नाही. माझी पोरगी मेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

ती पडली नाही. कशी सावरली, तिचं तिलाच ठाऊक. खोकत खोकत तिनं फेरी पुरी केली आणि शेवटून दुसरी आली. दोन्ही फेऱ्यांचे गुण मिळून चौथी.

आता तालीम गप्प बसणार होय? "पेट्रोलात काय तरी घातलंय सांगलीवाल्यांनी!" आण्णांनी निकाल देऊन टाकला. पुरावा नव्हता, पण गर्दी होती, आणि आमच्याकडं एवढ्यावर भागतं. बाह्या सरसावल्या गेल्या. आण्णा पंचांच्या टेबलावर हात आपटून म्हणत होते, "दुसरी फेरी रद्द करा! पयलीचा निकाल खरा धरा!" पंच बिचारा गर्दीकडं बघून घाम पुसत होता. अजून थोडा दम दिला असता, तर त्यानं सहीच केली असती.

इकडं बुद्धभूषणनं ट्रॉलीच्या आडोशाला सीट काढून फिल्टर उपसला. फिल्टरचा स्पंज तेलात भिजवलेला असतो, धूळ धरून ठेवायला. त्यानं गुलालही इमानानं धरला होता. हातात आला तो पुरणासारखा मऊ, गुलाबी गोळा. बोट दाबलं तर बोटाचा ठसा उठत होता.

त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं. हा गोळा ट्रॉलीमागच्या ओढ्यात फेकला, की पहिल्या फेरीचा निकाल आपला. पोरगी आपली, गाडी आपली. सांगलीच्या चार पोरांना मार बसेल, तो काय, बरा होतो. त्यानं एकदा ओढ्याकडं पाहिलंही. मग त्याला ते पुढचं चाक दिसलं, खड्ड्याच्या काठावर आदळणारं.

तो गर्दीतनं वाट काढत गेला आणि गोळा पंचांच्या टेबलावर ठेवला.

"सांगलीचं कुणी काय केल्यालं न्हाय," तो म्हणाला. "मीच घातलाय ह्यो गुलाल. मीच नाक वर केलं आणि मीच त्यात पोतं वतलं."

हलगी केव्हाच थांबली होती. आण्णा हळूच म्हणाले, "आरं भूषण, येडा हाईस का? पाच मिंटं गप बसला असतास तर!"

"पोरगी मेली असती, आण्णा," बुद्धभूषण म्हणाला.

बोलल्याप्रमाणं बॅग त्यानं स्वतः भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम टेम्पो घेऊन दारात आला. टेम्पोत नवी गाडी उभी होती. बुद्धभूषणनं बॅग ठेवली, आणि मग त्याच्यानं राहवेना. त्यानं जोतीरामला बाजूला घेऊन सुरू केलं, की फोर्क कडक ठेव, चेनव्हील मोठं टाक, टायरात हवा कमी, फूटरेस्टला दात काढ. सगळं ऐकून झाल्यावर जोतीरामनं विचारलं, "बरं काका. आणि तिची स्वतःची काय तक्रार असते? तिला काय हवं असतं गाडीत?"

बुद्धभूषणनं परत फोर्कपासून यादी सुरू केली.

"हँडल," दीप्ती दारातनं म्हणाली. "हँडल खाली पायजे. पप्पांच्या गाडीचं लई वर होतं. खांदे भरून येतात."

"मग बोलायचं न्हाईस व्हय आजवर?" बुद्धभूषण म्हणाला.

"बोललो की, पप्पा. दर वेळी बोललो. तुमी गाडी सुधारत होता."

संघप्रिया उंबऱ्यावर उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. जोतीरामनं पाना घेतला, नव्या गाडीच्या हँडलचे बोल्ट ढिले केले. दीप्ती टेम्पोत चढून गाडीवर बसली. "अजून जरा," ती म्हणाली. "अजून. बास." बोल्ट आवळले. पोरीचे खांदे खाली आले, पाठ सैल झाली. आपली लेक गाडीवर मुळात अशी बसते, हे बुद्धभूषण पहिल्यांदाच बघत होता.

"पप्पा, बरोबर दिसतंय का?" तिनं विचारलं.

बुद्धभूषणला सांगण्यासारखं तिथल्या तिथं तीन-चार ठिकाणी दिसलं. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

"मला काय इचारतीस?" तो म्हणाला. "तुला बरं वाटतंय न्हवं?"

"व्हय."

"मग झालं."