भिंगाच्या कडेची खूण

भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो — तेव्हा घड्याळात किती वाजले होते? निम्मे लोक तिथंच गप्प होतात. शहापुरात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूला कारण असतं आणि ते आयग्लास डोळ्याला लावला की सापडतं, एवढाच माझा धर्म. म्हणून पुढची हकिगत वेळेसकट सांगतो. रविवार, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं.

दिवस महायुद्धाचे. आकाश बघणाऱ्यांची आमची छोटी मंडळी महिन्यातून एकदा संध्याकाळी अनगोळच्या माळावर जमायची. दुर्बीण आप्पांची. आप्पा म्हणजे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, घराणं जैन. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती पितळी दुर्बीण घेतली होती. पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर चालवलेल्या मोटारीनं धूर खात यायचे, दिवस मावळायच्या आत माळावरच जेवण उरकायचे आणि म्हणायचे, "आता तोंड बंद, डोळा उघडा."

दुर्बिणीची देखभाल मात्र अण्णांकडे. खासबागेत राहायचे, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या शहापुरी लुगड्याच्या तुकड्यात भिंग गुंडाळून ठेवायचे. त्यांचा नियम एकच — धूळ फुंकायची, भिंगाला हात लावायचा नाही. ते वारले आणि दुर्बीण माझ्याकडे आली. माझ्याइतका हलका हात मंडळीत दुसऱ्या कुणाचा नाही, असं सर्वांचं मत होतं. म्हणजे आधी माझं होतं, मग सर्वांचं झालं.

त्या वर्षी पावसानं भिंगात बुरशी धरली. संक्रांत आठ दिवसांवर आली होती. आप्पांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत चाललेला. त्याचं ऑपरेशन मंगळवारी मिरजेला ठरलं होतं. मला म्हणाले, "डोळा आला तर आला. न्हाय आला तर... त्येच्या आदी एकदा शनीचं कडं बघू दे रं, वसंता." रविवारची बैठक त्यांच्यासाठीच ठेवली होती.

बुरशीतून आप्पांना काय डोंबल दिसणार? शुक्रवारी मी भिंग उघडलं. खरं तर ती दोन भिंगं असतात, एकावर एक बसवलेली. स्पिरिट आणि कापूस घेऊन दोन्ही लख्ख केली. कडेला काळपट मळ दिसला, तोही काढला. कापूस काळा झाला तेव्हा मला समाधानच वाटलं. घड्याळात मळ दिसला की काढायचा, ही आयुष्यभराची सवय.

भिंगं परत बसवताना अण्णांनी एकदा सांगितलेलं आठवलं. तो मळ नव्हताच. अण्णांनी पेन्सिलीनं केलेली खूण होती ती — कावळ्याच्या पायासारख्या तीन रेघा, दोन्ही भिंगांच्या कडांवरून गेलेल्या. रेघा जुळल्या की भिंगं जुळली. मी रेघाच पुसून टाकल्या होत्या.

शनिवारी दिवसभर दुकानाच्या माडीवर होतो. लांबच्या देवळाच्या कळसावर ऊन चमकायचं. दुर्बिणीतून तो चमचमाट टाचणीच्या टोकाएवढा दिसायला हवा. दिसत होती त्याला फुटलेली शेपटी. एक भिंग केसभर फिरवायचं, बसवायचं, बघायचं... शेपटी नुसती दिशा बदलायची. ऊन उतरल्यावर आयग्लास लावून दोन्ही कडा तासभर तपासल्या. रेघेचा मागमूसही नव्हता. भिंगं लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. त्याची किल्ली एकच, माझ्या करदोट्याला.

बायको म्हणाली, "आप्पांस्नी खरं सांगून टाका. तुमच्या हुशारीपायी त्येंचा डोळा कशाला टांगून ठेवताय?" मला रडू आलं. हे लपवत नाही.

सांगून टाकायचं, असं ठरवूनच रविवारी दुकान उघडलं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात आठ वीस. पेटी उघडली, कापड सोडलं. भिंगं एकावर एक होती, आणि कडेवरून तीन रेघा गेल्या होत्या... मधली जरा लांब, अण्णा काढायचे तशीच. माझ्या दुकानात पेन्सिल नव्हती, आजही नाही.

रेघा न हलू देता भिंगं तशीच बसवली आणि माडीवर गेलो. कळसावरचं ऊन टाचणीच्या टोकाएवढं दिसलं.

संध्याकाळी माळावर आप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला. मग हळूच म्हणाले, "गोळा दिसतोय. भवतीनं कडं. मधी काळी फट बी हाय." आणि डोळा न काढता म्हणाले, "भिंग उघडलंतास न्हवं?"

मी सगळं सांगितलं. पुसलेली खूण, पेटी, किल्ली.

"अण्णा म्हणायचाच," आप्पा म्हणाले, "वसंता एक दिस भिंग धुणार."

पुढं एका प्रोफेसरांनी मला समजावलं, की पेन्सिलीचा अंश काचेत मुरलेला असतो, स्पिरिट वाळल्यावर तो वर येतो. स्पिरिट वाळायला मिनिट लागतं, आणि मी तपासलं ते एका दिवसानं. तरी त्यांचा मान राखून भिंगाच्या कडेसारख्या खरखरीत घासलेल्या काचेवर रेघ ओढली, पुसली आणि आठ दिवस ठेवली. काही आलं नाही. बायकोचं म्हणणं, ती खूण मीच झोपेत काढली असेल. पण मला तशी रेघ काढता येत नाही. काढून बघितली आहे.

मिरजेहून आप्पा परतले. डोळा आला नाही. शनीचं ते कडं ही त्यांनी नीट पाहिलेली शेवटची वस्तू. तरीही बैठकीला येत राहिले, दिवस असतानाच जेवून आमच्यात बसत राहिले. एकदा मी वैतागून म्हणालो, "आप्पा, त्या खुणेचं उत्तर काही सापडत न्हाय."

"उत्तर ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू तेवढं परत पुसू नगंस."

आता आप्पाही नाहीत. दुर्बीण माझ्याकडेच आहे. दर पावसाळ्यानंतर भिंगं उघडतो, दोन्ही साफ करतो. त्या कडेला मात्र मी फडकं लावत नाही.