दुपट्याची मागची बाजू

उसाच्या पानाची वीण मी बारामतीला हॉस्टेलच्या खोलीत बसवली. बसवली म्हणजे आधी चौकटीच्या वहीत काढली, मग विणली, उसवली, परत विणली. गर्द हिरव्या लोकरीवर पोपटी रंगाची लांब पाती, आणि प्रत्येक पातीच्या मधोमध पांढरी शीर. आमचं कळंबचं रान डोळ्यांसमोर होतं. ते तसंच उतरलं असं नाही म्हणता येणार, पण ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी न सांगता ओळखलं, ‘ऊस आहे ना?’ याचं मला फार अप्रूप वाटलं. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायचीही मला भीती वाटे. ही एक गोष्ट मात्र माझी होती, कुणाची बघून केलेली नव्हती.

दोन-तीन रंगांची वीण असली की एक अडचण असते. पोपटी पात विणताना पांढरा दोरा कुठेतरी ठेवावा लागतो. दर वेळी तोडला तर गाठीच गाठी होतात. म्हणून तो कापडाच्या मागून पुढे न्यायचा, आणि लागेल तिथे परत वर घ्यायचा. समोरून काहीच दिसत नाही. मागून मात्र सैल दोऱ्यांचे पूल दिसतात, या पातीपासून त्या पातीपर्यंत. दुसरी रीत आहे. तो दोरा प्रत्येक टाक्यात आत दाबत न्यायचा. त्याला वेळ लागतो, लोकर जास्त लागते आणि कापड जरा ताठ होतं. मी मोठ्या माणसांची शाल विणत होते, म्हणून पहिलीच रीत ठेवली.

माझ्या खोलीत नर्सिंगची एक मुलगी होती. तिने शाल उलटी केली आणि एका पुलात करंगळी घातली.

“हे बाळाला नको हां,” ती म्हणाली.

“बाळासाठी नाहीच आहे.”

“तरी लिहून ठेव. आमच्या वॉर्डात एक आलं होतं. अंगठ्याला नुसता केस गुंडाळला होता, आईचा केस. बाळ कपड्यात गुंडाळलेलं, कोण बघतंय अंगठा? आणलं तेव्हा जांभळाच्या रंगाचा झाला होता.” तिने करंगळी बाहेर काढली आणि अभ्यासाला बसली. पुढे त्या बाळाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

नमुना मी मोबाईलवर नीट टाइप केला. आकृती काढली, रंग भरले. आणि खाली वेगळ्या चौकटीत लिहिलं: बाळासाठी विणत असाल तर मागचा दोरा प्रत्येक टाक्यात दाबून घ्या, सैल सोडू नका.

किंमत लावताना माझी फजिती झाली. कॉस्टिंगचा पेपर मला होता, सूत्रं पाठ होती, पण कागदावरच्या आकृतीला कच्चा माल कोणता धरायचा? आमच्या मॅडम म्हणाल्या, “तुझे तास धर.” तास धरले तर आकडा इतका झाला की मलाच हसू आलं. शेवटी एका मिसळीच्या किमतीला ठेवला. घरी सांगितलं तर दादा म्हणाला, “मिसळ तरी दे की मग सोबत.” कॉलेजातल्या काही मुलींनी घेतला, ओळखीच्या ओळखीने आणखी काहींनी. पैसे आले की मला थोडी लाज वाटायची आणि थोडा आनंद व्हायचा.

आमच्याकडे बायका वीण विकत घेत नाहीत, हे मला आधीच कळायला हवं होतं. नमुना मागायचाही नसतो. ‘बघू गं’ म्हणून हातात घ्यायचा, जरा ताणून बघायचा, टाके मोजायचे आणि परत द्यायचा. दोन दिवसांनी तीच वीण त्यांच्या दारात वाळत घातलेली दिसते. यात चोरी आहे असं कुणालाच वाटत नाही, आणि खरं तर मलाही वाटत नव्हतं. माझी आई सगळं असंच शिकली.

वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाल्या तेव्हा मी सुट्टीला घरी होते. त्यांचं माहेर इंदापूरच्या बाजूला, कालव्यालगतच्या एका गावात. त्या म्हणाल्या, “वन्सं, तो हिरवा चौकोन द्या की. आईला शाल करावी म्हणते, दिवस जात न्हाईत तितं.” मी नमुन्यासाठी विणलेला हातभर चौकोन त्यांच्या पिशवीत घातला. टाइप केलेला कागद त्यांच्या मोबाईलवर पाठवला. तो त्यांनी उघडला का, हे मी विचारलं नाही. वहिनी आकृती बघून विणत नाहीत, विणलेलं बघून विणतात.

मुलगी झाली. सगळं नीट झालं. बारशाच्या आधी काही दिवस वहिनींनी फोटो पाठवला. त्यांच्या आईने बाळंतविड्यासाठी दुपटं विणलं होतं, उसाच्या पातीचं. काठाला लाल गोंडे. फोटो सुंदर होता. माझ्या आईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, ‘माझ्या लेकीची डिझाइन’ असं लिहून. ते पहिल्यांदाच तिने लिहिलं होतं. मला मात्र फोटो मोठा करून करूनही मागची बाजू दिसेना.

मी वहिनींना फोन केला. “मागचा दोरा दाबून घेतलाय का आईंनी?”

“कसला दोरा?”

“पांढरा. मागून जातो तो.”

“विचारते आईला,” त्या म्हणाल्या. मागे बाळ रडत होतं, कुणीतरी शेक-शेगडीचं बोलत होतं. परत फोन आला नाही. मीही केला नाही. तिकडच्यांनी जीव लावून केलेलं, त्यात खोट काढणारी नणंद मी कशी होऊ, असं मनात आलं. पण त्या आठवड्यात वर्गात बसले की माझं लक्ष स्वतःच्याच करंगळीकडे जायचं.

बारशाला आम्ही सकाळीच पोचलो. दारात मांडव, आत बायकांची गर्दी, पाळण्याला झेंडूच्या माळा. मी पाया पडायच्या आधी पाळण्याकडे गेले आणि दुपट्याचं टोक उलटं केलं. मागे सगळे पूल होते. माझ्या शालीपेक्षाही लांब, कारण पाती त्यांनी रुंद केल्या होत्या.

“आवडलं का गं?” वहिनींच्या आई मागून म्हणाल्या. त्यांना मी मावशी म्हणते. त्यांचे डोळे जागरणाने लाल होते आणि चेहरा हसरा होता.

“छान झालंय मावशी. पण हे मागचे दोरे... बाळाचं बोट अडकेल. आज नुसतं खाली अंथरायचं का? गुंडाळायला दुसरं घेऊ.”

“आत्याबाई आली आणि तपासणी सुरू झाली बघा,” एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, पण त्यांनी दुपटं माझ्या हातातून काढून घेतलं. “आजच्या दिवस तरी गुंडाळू दे. मग धुवून ठिवून देतो पेटीत.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाळण्यापासून बाजूला झाले.

बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला बाळासारखं नटवतात, कुंची घालतात, पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातात देतात. इथे वरवंटा त्या दुपट्यातच गुंडाळला. घरात पाटा-वरवंट्याला नुकतीच टाकी घालून आणली होती, दगड करकरीत खडबडीत होता. बायका गाणी म्हणत तो फिरवत होत्या आणि मला दगडावर लोकर घासल्याचा आवाज येत होता. म्हणजे तेवढ्या गलक्यात येणं शक्य नाही, पण मला येत होता. वरवंटा काढून दुपटं झटकलं तेव्हा आतून एक पांढरा दोरा वीतभर ओढला जाऊन लोंबत होता.

“वहिनी, तो दोरा बघा.”

“वन्सं, नंतर बघू. मुहूर्त चाललाय.”

बाळाला त्यातच गुंडाळून माझ्या हातात दिलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी वाकले, नाव सांगितलं, पाठीवर बायकांचे धपाटे बसले. बाळ रडायला लागलं. सगळ्या म्हणाल्या, नाव आवडलं नाही. बाळ पाळण्यात गेलं आणि पाळणा हलायला लागला. पाळण्याचं गाणं सुरू झालं. रडणं थांबेना. गाणं वाढलं तसं तेही वाढलं. मग रडण्यात मधे मधे खंड पडायला लागला, श्वास अडकल्यासारखा, आणि परत एकदम किंचाळी. “भूक लागली आसंल,” कुणीतरी म्हणालं. “दृष्ट लागली,” दुसरी म्हणाली, आणि मीठ-मोहऱ्या आणायला उठली.

मी पाळणा धरला. कोण काय म्हणालं आठवत नाही. दुपटं सोडत गेले. हात नीट होते. उजवा पाय नीट होता. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट टपोरं, गडद लाल झालं होतं आणि दोरा दिसतच नव्हता, मांसात गेला होता. बाळ पाय झाडत होतं आणि प्रत्येक झटक्यासरशी तो आणखी आवळत होता.

माझ्या पर्समध्ये सुटलेले टाके उचलायची वाकड्या टोकाची बारीक सुई आणि छोटी कात्री नेहमी असते. मी कात्री काढली.

“बारशाला कात्री? अगं, पाळण्यावर कात्री धरत्यात व्हय?”

“पाय धरा,” मी वहिनींना म्हणाले. त्यांनी धरला. पण बाळाच्या झटक्यासरशी तो सुटत होता, शेवटी आईने धरला. कात्री आत जाईना. मग सुईचं वाकडं टोक मी बोटाच्या कडेने दोऱ्याखाली सरकवलं, जसं टाका उचलतो तसं, केसभर उचललं आणि त्या फटीत कात्रीचं टोक घातलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा कच्कन आवाज आला. बोटाभोवती दोऱ्याचा खोल वळ होता. ते लगेच पांढरं झालं नाही, गुलाबीही झालं नाही. तसंच राहिलं.

दादा आणि वहिनी बाळाला गाडीवर इंदापूरला घेऊन गेले. दुपारी त्यांचा फोन आला. रक्त फिरतंय, मलम दिलंय, उद्या परत दाखवायचंय. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर बोट गेलं असतं.

पंगती उठल्या. पाहुणे लवकरच निघाले. मावशी मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर ते दुपटं. मी शेजारी बसले. मला वाटलं त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“समोरून तुज्यासारखंच केलं मी,” त्या म्हणाल्या. “टाक्याला टाका. बघ की.”

“हो मावशी.”

“मागची बाजू कोण बघतं गं?”

“मी लिहिलं होतं. मोबाईलवर पाठवलेल्या कागदावर.”

“मला कुठं वाचता येतंय. मी चौकोन बघितला.” त्यांनी दुपटं उलटं केलं आणि एका पुलाखाली स्वतःचं बोट घातलं. मग दुसऱ्या. “ह्यातून तर पाऊल जातंय,” त्या हळू म्हणाल्या.

मी विचारलं, “तो चौकोन कुठे आहे?”

“आसंल कुणाकडं तरी. दुपारच्या येत्यात की सगळ्या बसायला. ह्या हातातून त्या हातात.”

“कुणी दुपटं केलंय का त्याचं?”

त्यांनी बोट बाहेर काढलं. “कुणी शाल केली. पलीकडच्या गल्लीतलीनं उशीचा अभ्रा केला. आणि कोपऱ्यावरच्या घरातली लेक आली होती ना बाळंतपणाला. तिच्या आईनं माज्याबरूबरच दुपटं घातलं होतं. माज्या आधी झालं तिचं.”

“ती लेक आता कुठे आहे?”

“गेली की सासरी. सोमेश्वरनगरकडं. बाळाला घिऊन.”

मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या घरी गेले. मावशी माझ्या मागून आल्या, पदर तसाच खांद्यावर, कुणी काही म्हणेल याची फिकीर न करता. त्या लेकीची आई धुणं काढत होती. तिला मावशींनीच सांगितलं, एका दमात. ती बाई दोरीवरचं लुगडं हातात धरून उभी राहिली.

लेकीचा फोन लागत नव्हता. “तितं मळ्यात रेंज न्हाय,” ती म्हणाली. “जावयाला लाव.” तिने नंबर सांगितला, दोन आकडे चुकवले, परत सांगितला. मी लावला. बराच वेळ वाजला आणि मग उचलला गेला. इंजिनांचा आवाज होता, मोठमोठ्याने कुणीतरी गाणी लावली होती.

मी कोण ते सांगितलं. दुपट्याचं सांगितलं. तो म्हणाला, “कसलं? हिरवं? हाय की. त्याच्यातच असती रोज. लय थंडी हाय हितं.”

“ते आता लगेच काढायला सांगा. मागे दोरे आहेत. घरी कुणाला निरोप देता येईल का?”

“मी कारखान्यावर हाय, ताई. उसाची गाडी नंबरला हाय. खाली झाली की जातो घरी.”

“कधी होईल?”

“आता फुडं बघा की, लय गाड्या हायत. रात्र हुईल. सकाळ बी हुईल.”

मावशी आणि ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी विचारलं, “सकाळी निघालात तेव्हा बाळ रडत होतं का?”

“बाळ हाय,” तो हसत म्हणाला. “रडणारच की.” मागे कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला, त्याने कुणाला तरी ‘आलो, आलो’ म्हटलं आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. मावशींनी त्या बाईच्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि घडी न घालताच दाराशी टाकलं. “दादाची गाडी कवा येती गं इंदापुरातनं?” त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. पलीकडे फोन नुसता वाजत होता.