दुसऱ्याचं व्याज

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात बाबांना इन्कम टॅक्सची नोटीस आली. बचत खात्यावरचं व्याज त्यांनी कमी दाखवलं, असा ठपका होता. बाबा भवानीपुरातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. पासबुकाशी दोनदा ताडून त्यांनी आकडा भरला होता. चौकशी केल्यावर चूक बँकेच्या दाखल्यात निघाली. दुसऱ्याच कुणाचं व्याज त्यांच्या नावावर चढलं होतं.

"थोडा कर जास्त जाईल, जाऊ दे," आई म्हणाली. आमच्या भागात तेव्हा राजकीय टोळ्यांच्या मारामाऱ्यांत रोज बॉम्ब फुटत होते.

"जे माझं नाही ते माझ्या नावावर कशाला?" बाबा म्हणाले.

मी एकोणीस वर्षांची. त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून बरोबर गेले. बँकेतून दुरुस्त दाखला मिळाला. ट्राम बंद होत्या, चालत निघालो. वळणावर कानठळ्या बसवणारा स्फोट झाला. धुरातून एक तरुण पळत आला, मागे चौघं. आमच्यासमोर त्याला पाडून त्यांनी सपासप सुरे चालवले. एका मिठाईवाल्याने मला दुकानात ओढलं आणि शटर खाली घेतलं. बाबा बाहेरच राहिले.

फटीतून दिसत होतं. मारेकरी पळाले तसे बाबा गुडघ्यांवर बसले. सदरा काढून त्यांनी त्या तरुणाच्या पोटावर दाबून धरला. पोलीस आले तेव्हा ते रक्ताने माखलेले होते.

"आमि मास्टार!" ते बंगालीत ओरडले, मी शिक्षक आहे म्हणून.

तरी उजव्या हातावर लाठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. बाबा हात काढेनात, म्हणून दुसरी खांद्यावर बसली. तो तरुण तिथेच गेला.

पंधरा दिवसांनी टॅक्स ऑफिसात गेलो. सदऱ्याच्या खिशातला तो दाखला अर्धा तपकिरी झाला होता. अधिकारी हात लावेना.

"नवा आणा."

"आकडा वाचता येतोय," बाबा म्हणाले. "वाचा."

त्याने वाचला, पासबुकाशी ताडला, नोटीस रद्द केली. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे बाबांनी डाव्या हाताने सही केली. ती जुन्या सहीशी जुळेना, म्हणून खाली साक्षीला माझी घेतली.

जिन्यात बाबा मटकन बसले.

"पाणी मागत होता गं तो," म्हणाले. "मला हात काढता येईनात."

लोक आम्हाला वळसा घालून जात होते. मी त्यांच्याशेजारी बसले.