भिंती दळतात व्हय?

कमलनगरला मी मोटरसायकलच्या विम्यासाठी एजंटकडं गेलो होतो. माझ्या पुढं पिठाची गिरणी चालवणारी एक बाई बसली होती. गिरणीच्या विम्याचा कानडी कागद ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती.

"अक्का, विम्यात सगळं धरलंय. करा सही," एजंट म्हणाला.

"काय धरलं न्हाई, ते सांग की आधी."

"परीक्षेला बसलात का?"

"व्हय. आग लागून यंत्र गेलं तर घर कशावर चालवू? इथं नुसती इमारत लिहिलीय. भिंती दळतात व्हय?"

एजंट ओशाळला. त्यानं दळायचं यंत्र आणि ते फिरवणारी मोटार लिहून घेतली.

"हप्ता वाढंल, अक्का."

"वाढू दे. अन् नाल्याचं पाणी आत शिरलं तर?"

"ते ह्यात न्हाई."

"आता खरं बोलायलास."

चळवळीत हक्कांची पत्रकं वाटत मी मोठा झालो, पण सहीच्या वरचा मजकूर कधी वाचला नव्हता. न वाचता केलेली सही ही गुलामीच आहे, हे मला तिथं कळलं.

सही करून ती उठली आणि दारातूनच तिनं गवंड्याला फोन लावला, "अप्पा, उद्या या. मोटारीखाली ओटा बांधायचाय, कमरेएवढा."