सहा सकर मासे आणि नानांची बादली

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या नात्यात म्हणतात. खरंच आहे ते. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचं मोडतंय — सकाळी माझ्याकडे आलं की दुपारपर्यंत अर्ध्या चिखलीला ठाऊक. पण एक गोष्ट चार वर्षं आत राहिली आहे. नवऱ्याला नाही सांगितली, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज सांगायला बसले आहे, आणि बघा — सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही.

पाण्यापासून करते.

आमच्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्यामुळे बाईची हुशारी आमच्याकडे पुरणपोळीवरून ठरत नाही, पाणी भरण्यावरून ठरते. आणि त्यात मला तोड नाही — हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. तोटीतून नुसती हवा सुस्कारली तरी मी झोपेतून ताडकन उठते. टाकी, ड्रम, हंडे, कळशा, शेवटी पातेली आणि चहाचे पेलेसुद्धा. पण त्याआधी जुनं सगळं ओतून द्यायचं. नळ आला की घरात शिळं पाणी राहता कामा नये, हा माझ्या आईचा नियम, आणि गल्लीतल्या प्रत्येकीचा.

हे लक्षात ठेवा. नाही — नका ठेवू. नाहीतर वाटायचं, मी सबब रचते आहे.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहावीत होती. तिनं खामगावच्या एका दुकानातून सहा सकर मासे आणले. प्लेको म्हणतात त्यांना. पिल्लंच होती, बोटाच्या पेराएवढी, काचेच्या पेटीला तोंड लावून चिकटून बसायची. दिसायला वाळलेल्या चिंचेच्या बोटकासारखी. पण पोर त्यांच्यावर जीव टाकायची. दुकानदारानं तिला बजावून सांगितलं होतं — ही पिल्लं खातात फार, घाणही फार करतात, तेव्हा दर आठवड्याला पाणी बदलायचं, पण चौथा हिस्साच. आणि नळाचं ताजं नाही, त्यात औषध असतं. एक दिवस उघडं ठेवलेलं घ्यायचं.

हे काम मुक्तानं नानांना दिलं. नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म एस.टी.त कंट्रोलर होते, स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचे. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर; पण मेहकरची पहिली, देऊळगाव राजाची शेवटची, मधे कोणती कुठे किती थांबते, सगळं तोंडपाठ. रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसायचे आणि लोक चौकशीची खिडकी सोडून यांना विचारायचे. अशा माणसाला 'दर रविवारी सात वाजता' असं काम मिळालं, मग काय विचारता. शनिवारी निळी बादली भरून ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही. पाणी बदललं की खुर्ची पेटीसमोर ओढून मोजायचे. "सहाही फलाटावर लागल्या हायेत, सूनबाई," असं मला आत ओरडून सांगायचे.

तर एका रविवारी साडेसहाला नळ आला. अकरा दिवसांनी. माझी धावपळ चालू होती, त्यातच नानांनी सातला त्यांचं पाणी बदललं, आणि स्टँडवर गेले. मुक्ता क्लासला गेली. हे शेतावर होते. माझे हंडे संपले, कळशा संपल्या, आणि नळ चालूच. चालू नळासमोर रिकामं भांडं उरलं नाही की मला कसंतरीच होतं. माझी नजर पेटीवर गेली. पाणी जरासं पिवळट दिसत होतं. शिळं. मनात आलं, चौथा हिस्सा म्हणजे काय — हे आजा-नात चिमटीनं पाणी बदलतात. पाण्यातलं मला कळतं की यांना?

मग्यानं सगळं उपसलं. पिल्लं तळाशी बोटभर पाण्यात तडफडत होती, वरून नळाचा पाइप सोडला. पाण्याला ब्लिचिंगचा वास येत होता. तो वास मला स्वच्छ वाटतो — अजूनही वाटतो.

काच लखलखली. मी कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत उभी राहिले. दाखवायला घरात कुणी नाही, याचं वाईटसुद्धा वाटलं. दोन-तीन तासांनी त्याच गोष्टीचा केवढा आधार वाटला.

बारा वाजेपर्यंत सहाही उलटी झाली होती.

नाना आले, चपला काढल्या आणि सवयीनं सरळ पेटीकडे गेले. तेव्हा मी काय केलं? खोटं बोलले? नाही — तेवढीही हिंमत नव्हती. मी फक्त विचारलं. "नाना, सकाळी कोणत्या बादलीतलं पाणी घेतलं होतं हो?"

"निळ्या," ते म्हणाले.

"दोन्ही निळ्याच होत्या ना. एक मी नळाची भरून ठेवली होती बाजूला."

बादली होती, हे खरं होतं. म्हणूनच तर ते इतकं सोपं गेलं.

नाना आत जाऊन दोन्ही बादल्या पाहून आले. मुक्ता आली, रडली, आणि म्हणाली, "नाना, एकच काम सांगितलं होतं तुम्हाले." ते म्हणाले, "हाव बाई. माह्याच हातून झालं असन." मी आत चहा टाकत होते. त्यात साखर दोनदा घातली, आणि चहा गोड झाला म्हणून सगळ्यांत आधी मीच कुरकुरले.

आठ दिवसांत विसरतील सगळे, असं वाटलं होतं. मुक्ता विसरली. नाना नाही. आधी गॅस बंद केला का, हे तीन-तीनदा पाहायला लागले. मग कडी. मग एक दिवस स्टँडवर कुणी जालन्याची गाडी विचारली, तर म्हणाले, "तिकडं खिडकीवर विचारा बापू, माह्याकून चुकीचं निघीन." त्यानंतर स्टँडवर जाणंच बंद झालं.

मीच त्यांना बुलढाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. कधीपासून असं होतंय, डॉक्टरांनी विचारलं. नाना म्हणाले, "मासे मेले तवापासून. बादली चुकली न माह्याकून. सहा जीव गेले." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी जाणवतं का तुम्हाला? विसरतात?"

माझ्या मांडीवर फाइल होती. खोलीत आम्ही तिघंच. किती शब्द लागले असते? चार? पाच?

मी मान हलवली. होकाराची.

मासे माझ्या अडाणीपणानं गेले, हे मी कधीतरी हसत-हसत सांगूही शकले असते. पण ती मान मी विचार करून हलवली. नानांचं वय झालंच होतं, असं म्हणता येईल. मी स्वतःशी म्हणूनही पाहिलं. मग आठवतं, त्या रविवारी सकाळी निघताना त्यांनी मला, न विचारता, साखरखेर्ड्याच्या गाडीची बदललेली वेळ सांगितली होती.

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. विसरण्यावरची. ती अजून चालू आहे, रोज सकाळी चहानंतर. घेतली की नाही हे नाना आता स्वतः ठरवत नाहीत, म्हणून मीच देते. ते तळहात पुढे करतात, गोळी गिळतात, रिकामा पेला माझ्याकडे देतात.

"तू हायेस म्हणून बरं हाय, बाई," म्हणतात.

मी पेला घेऊन आत जाते.