अकरा बोल्ट आणि खराट्याची काडी

पप्पांच्या पिकअपमध्ये दुसरं इंजिन बसलंय आणि ते गिअरबॉक्सला जोडणारे अकराच्या अकरा बोल्ट मी माझ्या हातानं आवळलेत! ऑफिसमध्ये चौघांना सांगून झालं, आता इथे नीट पहिल्यापासून सांगते.

पप्पा नारायणगुड्याच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट आहेत. या वर्षी रिटायर होणार. मग लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचं, म्हणून त्यांनी एक म्हातारी पिकअप आधीच घेऊन ठेवली होती. तिचं इंजिन इतकं झिजलेलं की डिझेलपेक्षा ऑइलच जास्त प्यायची. चालू केली की दिलसुखनगरची आमची अख्खी गल्ली धुरानं काळी! शेवटी मम्मीनं जाहीर केलं, "रविवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर चालली तर ठेवा, नाहीतर मी त्याला चावी देऊन टाकणार."

मम्मी बोलते ते करते. पप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत.

आणि मग उस्ताद! काचीगुड्याचे मेकॅनिक, पप्पांच्या जुन्या ओळखीचे. त्यांना मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन मिळालं, आमच्यापेक्षा थोडं ताकदीचं, पण त्याच कंपनीचं. "बैठ जाता," उस्ताद म्हणाले. "आरटीओ के कागदां तुम देखो, इंजन मैं देखतूं."

शुक्रवारी मी सुट्टीच टाकली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तीन पाइपांची तिकाटी उभी केली, तिला चेन-पुली लावली आणि जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट करकरत वर आलं. काय दिसत होतं ते! मी नुसती ओरडत होते. खाली ठेवून दोन्ही वेगळे केले, कारण गिअरबॉक्स आपलाच परत लावायचा होता.

वेगळे करताना उस्ताद एकेक बोल्ट काढायचे आणि एका पुठ्ठ्यावर खोचायचे. पुठ्ठ्यावर पेननं गोल काढलेला. मला वाटलं, हरवू नयेत म्हणून करतायत. मग ते नमाजला निघाले, "जुमा पढको आतूं" म्हणाले. पप्पा कॉलेजात. मी एकटी, रिकामी, आणि समोर ते चिकट काळे बोल्ट.

मी सगळे उपसले. डिझेलमध्ये घासून चकाचक केले. अंड्यांच्या ट्रेमध्ये लांबीप्रमाणे लावले, लहान ते मोठे. फॅमिली ग्रुपवर फोटो पण टाकला, तीन हार्ट आले!

उस्ताद परत आले. ट्रेकडे बघितलं. रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

"ये कौन किया?"

"मैंने!" मी अजून शाबासकीची वाट बघत होते.

"अम्मा, तू इंजीनियर है ना?"

"हौ. सॉफ्टवेअर."

"मालूम हुआ," म्हणाले आणि कपाळाला हात लावून स्टुलावर बसले.

मग कळलं. त्या पुठ्ठ्यावर जिथला बोल्ट तिथेच खोचलेला होता. जाडीला सगळे सारखे, पण कोणी बोटभर लांब, कोणी त्याहून नखभर जास्त. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो, आणि आणखी आवळला की गिअरबॉक्सचं तोंडच तडकतं. ते तडकलं की गाडी सरळ भंगारात. म्हणजे पप्पांची गाडी मी माझ्या हातानं भंगारवाल्याला दिली होती! मला रडूच आलं.

संध्याकाळी पप्पा आले. "काय करायलीस गं इथं तोंड पाडून?"

सांगितलं. ते चिडले नाहीत. भोकांकडे बघत बसले. मग म्हणाले, "लॅबमध्ये ड्रमात पाणी किती उरलं ते मी काडी घालूनच बघतो की." आणि घरातून मम्मीचा नवाकोरा खराटा घेऊन आले.

"अहो! माझा खराटा!" मम्मी दारातून.

शनिवारी सकाळी दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवरच जोडून धरले. प्रत्येक भोकात काडी घालायची, टेकली की नखानं खूण करायची, खुणेपेक्षा जरा आखूड असेल तो बोल्ट त्याचा. अकरा काड्या, अकरा बोल्ट! उस्ताद म्हणाले, "कस तूच, अम्मा. तेरी गलती, तेरा पाना." मी आवळले. एकही तळाला टेकला नाही!!

दुपारी सगळं धूड पिकअपमध्ये उतरवलं. रविवारी सकाळी डिझेलच्या पाइपातली हवा काढायचं काम चालू होतं, हातपंप दाबला की नटाजवळून डिझेलचे बुडबुडे. तेवढ्यात भंगारवाला स्कूटरवर हजर. मम्मीच्या हातात चावी.

बुडबुडे थांबले, म्हणजे हवा संपली. पप्पांनी मम्मीपुढे हात केला. मम्मीनं चावी पप्पांना दिली.

पहिल्यांदा नुसतं घुर्र. दुसऱ्यांदा पण घुर्र. तिसऱ्यांदा धडधडधड!! जरासा पांढरा धूर आला आणि गेला. क्लच दाबला, गिअर पडला, गाडी पुढे! मी उस्तादांना मिठीच मारली. "छोड मां, ग्रीस लगता," ते हसत म्हणाले.

भंगारवाला मात्र रुसला. "अम्मा, खाली हाथ भेजते क्या मेरेकू?"

मम्मीनं प्लॉटवर पडलेल्या जुन्या इंजिनाकडे बोट केलं. "ये ले जाओ."

"स्कूटर पे कैसा लेजाऊँ?"

पप्पा तोवर पिकअपचं मागचं फळकूट उघडत होते. चेन-पुलीनं जुनं इंजिन चढवलं, स्कूटर तिथेच ठेवून भंगारवाला पुढे बसला, मी मधे घुसले. पहिलं भाडं!

"हॉर्न वाजवू नका, रविवार आहे, लोकं झोपलेत!" मम्मी ओरडली.

पप्पांनी गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.