घासलेली कढई

"पाल्याला आग दाखवायची असते, पाला शिजवायचा नसतो."

आक्का हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणायची, की समोरच्या कारखान्यातल्या वेल्डरच्या तोंडात ते बसलं होतं. एखादा जोड झटकन मारून झाला की तो ओरडायचा, "आग दाखवली रे!" आक्काला हे कळलं त्या दिवशी ती ओल्या हातांनी रस्ता ओलांडून गेली आणि त्याला म्हणाली, "माझं बोलणं लोखंडाला लावू नकोस. लोखंडाला अक्कल नसते. त्यातून ते तुझ्या हातात."

गोड बोलणं तिला येत नव्हतं असं नाही. तिला ती उधळपट्टी वाटायची.

खानावळ तिच्या धाकट्या भावाची. लांबट खोली, भिंतीला लावलेली बाकं, पत्र्याचं छप्पर, आणि रस्त्याच्या पलीकडे ट्रकच्या बॉड्या बांधणारा कारखाना. दुपारी भोंगा झाला की सुतार, रंगारी, वेल्डर सगळे एकदम येऊन बसायचे आणि खोलीला लाकडाच्या भुशाचा आणि ताज्या रंगाचा वास यायचा. भात, डाळ, रस्सा हे सगळं भावाची बायको करायची. तिला सगळे मालकीणबाई म्हणायचे. पालेभाजी तेवढी आक्काची. खिडकीजवळच्या कोपऱ्यात तिची वेगळी चूल होती, तिच्यावर लोखंडी कढई, आणि चुलीमागे गुंडाळून ठेवलेली तिची वळकटी. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती थेट त्या कोपऱ्यात, खानावळ उघडायच्याही आधी, आणि तेवढाच कोपरा या जगात तिचा होता.

मी तिला पाला पुरवायचो. सकाळी मळ्यातून तोडायचा, ओल्या फडक्यात बांधायचा आणि सायकलवर घालून आणायचा. गावात मला कुणी नावं ठेवलेली नाहीत. माझ्या पालकाचं पान हातात घेतलं की कच्चकन मोडतं. पण आक्कापुढे जुडी ठेवली की मीही एक पाऊल मागे सरायचो.

"हा पाला आहे की चारा?"

"आक्का, आत्ता तोडलाय."

"तोडलास की उपटलास? मुळं कशाला ठेवलीस, जुडी जड दिसायला? आणि हे पान बघ, तुझ्या कानाएवढं झालंय. कोवळं असताना काय करत होतास, त्याच्याशी गप्पा मारत होतास?"

एवढं झाल्यावर ती सगळ्या जुड्या घ्यायची. एकही परत दिली नाही. आणि एकदाही चांगला म्हणाली नाही.

तिचं काम मात्र बघत राहावं असं. पाला भरपूर पाण्यात बुडवून वर उचलायचा, पाणी ओतायचं नाही, म्हणजे माती खाली राहते. फडक्यात घालून झटकायचा. देठ वेगळे, पानं वेगळी. आणि इथवर तयारी करून ती हात बांधून बसायची. गिऱ्हाईक हात धुऊन बाकावर टेकल्याशिवाय कढईत काही पडायचं नाही. माणूस बसला, की खाली जाळ मोठा. तेल. ठेचलेला लसूण, सुकी मिरची. लसणाच्या कडा तांबूस होतात न होतात तोच देठ, एक परतणं, मग पानांचा ढीग, आणि तो ढीग डोळ्यांदेखत मूठभर होऊन खाली बसला की कढई जाळावरून बाजूला. मीठ तेव्हा, आधी नाही. आधी घातलं की पानं रडतात, म्हणायची. वरून लिंबू. रंग तोडतानाच्यापेक्षा हिरवा. दूध, तूप, लोणी यातलं काही तिच्या चुलीच्या आसपास यायचं नाही. मालकीणबाईंनी एकदा वरून लोण्याचा गोळा सोडला, तर आक्काने ती वाटी गिऱ्हाइकासमोरून उचलली आणि म्हणाली, "थांबा, हिला आंघोळ घालून आणलीय आमच्या भावजयीने. दुसरी देते."

झाकण ठेवणं म्हणजे तर तिच्या लेखी पाल्याचा गळा दाबणं.

मालकीणबाईंची बाजू नव्हतीच असं मी म्हणणार नाही. भोंग्यानंतर सगळी बाकं भरायची आणि ही बाई एकेकाला वेगळी आग दाखवत बसायची. मागे खोळंबलेली माणसं भात गार झाला म्हणून मालकीणबाईंवर ओरडायची. त्यांचं म्हणणं साधं होतं: सकाळीच पातेलंभर करा, झाकून ठेवा, वाढा.

"वन्सं, लोकांना पोट असतं, जीभ दुपारी झोपते," त्या म्हणायच्या.

"तुझी झोपत असेल. अंगाई तूच म्हणतेस ना, तुझ्या रश्श्याने."

मधे भाऊ. आई लवकर गेली तेव्हा आक्काने त्याला कडेवर वागवला होता, खानावळीचा पहिला दिवस त्याच कढईवर काढला होता. तेव्हा विकायला पालेभाजीशिवाय काही नव्हतं. आता तो गल्ल्यावर बसायचा आणि दोघी बोलायला लागल्या की रेडिओचा आवाज वाढवायचा. खानावळीत बातम्या फार मोठ्याने लागायच्या.

अशात कारखान्याला नवा मॅनेजर आला. माणसं खानावळीत येऊन वेळ घालवतात, त्यापेक्षा सगळ्यांचं जेवण कारखान्यातच पोचतं करा, असं त्याच्या मनात होतं. पण आधी तो स्वतः येऊन जेवणार होता. त्याला पथ्य होतं. दुधाचं काही चालायचं नाही, तेलकट चालायचं नाही, पालेभाजी रोज लागायची. म्हणजे सगळं येऊन ठेपलं आक्काच्या कोपऱ्यावर.

मालकीणबाईंना त्या कोपऱ्यात फ्रिज ठेवायचा होता, हे जुनं. त्या दिवशी त्यांनी ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "साहेबांना पाला आवडला तर कोपरा तुमचा, वन्सं, मरेपर्यंत. मी तोंड उघडणार नाही. नाही आवडला तर फ्रिजचा."

"आणि मी?"

"पुढे बाकं आहेत की झोपायला."

आक्काने भावाकडे पाहिलं. भावाने रेडिओकडे.

"ठरलं," आक्का म्हणाली. "तो साहेब वाटी चाटेल. मग तो फ्रिज तू तुझ्या डोक्यावर ठेव, गार राहील."

साहेब यायच्या दिवशी सकाळीच तिने मला तंबी दिली होती. पाला आता आणायचा नाही. साहेब बसायच्या थोडा आधी तोडायचा आणि तसाच पळत आणायचा. ती स्वतः तेल आणायला घाण्यावर गेली. बाटलीतल्या तेलावर तिचा विश्वास नव्हता आणि घाणा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी बोटाएवढी पानं निवडून तोडली. सायकल मारत आलो तेव्हा घामाने भिजलो होतो, पण पाला असा होता की मलाच त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं.

मागच्या अंगणात शिरलो आणि थांबलो. कठड्यावर उन्हात कढई पालथी घातली होती. कढई म्हणजे आक्काचीच, पण ती मला आधी ओळखू आली नाही. ती पांढरी होती. चकचकीत, उघडी, सोललेल्या गुडघ्यासारखी. खाली विटेच्या भुकटीचा लाल चिखल मोरीकडे वाहत गेला होता, त्यात काळे पापुद्रे. मालकीणबाई पदार्थाची चव बघावी तशा मान तिरकी करून आपलं काम बघत होत्या. बोटांची सालं निघाली होती.

तेवढ्यात आक्का तेलाचा डबा घेऊन आली.

"बघा वन्सं, आरशासारखी केली! साहेब म्हणे चुलीपर्यंत येऊन बघणार. इतक्या वर्षांची काजळी, बाई गं! हात सोलवटले माझे."

मी शपथेवर सांगतो, त्या बाईच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तिला ते कंत्राट हवं होतं. काळं म्हणजे घाण, एवढंच तिला ठाऊक. इतकी वर्षं शेजारच्या चुलीवर रांधून, समोरची कढई काळी का आहे हे तिने एकदा विचारलं नव्हतं, आणि आक्काने एकदा सांगितलं नव्हतं. एकमेकींना टोचण्यापलीकडे दोघींनी कधी काही बोलायचं ठेवलंच नव्हतं.

आक्काने कढई सुलटी केली. आतून अंगठा फिरवला. धुतलेलं लोखंड उन्हात वाळलं होतं. अंगठ्याला तांबूस भुकटी लागली. तो अंगठा तिने मालकीणबाईंच्या बाहीला पुसला.

"काजळी नव्हती ती."

"मग काय होतं, सोनं?"

"तेल होतं. जाळावर बसलेलं. वरचं माझं. सगळ्यात खालचा थर आईच्या हातचा." मग तिने आत हाक मारली, "धाकट्या! ये, बाहेर ये. तुझ्या बायकोने आईला घासून मोरीत सोडलीय, बघून घे."

भाऊ आला. त्याने कढईकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो बोलला ते असं:

"आक्का, आता ते राहू दे. साहेब यायची वेळ झाली. आजच्या दिवस ॲल्युमिनियमची घे. तुझा हात आहे, कशातही होईल."

"होईल," आक्का म्हणाली. "कशातही होईल."

"मग घे ना. कोपऱ्याचा विचार कर."

"त्याचाच करतेय."

मालकीणबाईंनी आपली ॲल्युमिनियमची कढई पुढे केली. चांगली जाड होती, तिच्यात काम झालं असतं. आक्काने ती घेतली नाही. आपली पांढरी कढई उचलली आणि कोपऱ्यात जाऊन जाळ लावला.

साहेब आला, हात धुऊन बसला. त्याच्यामागे वेल्डर आणि रंगारी, काय होतं ते बघायला. आक्काने त्या दिवशी एकही गोष्ट चुकीची केली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. जाळ तोच, घाण्याचं ताजं तेल, लसूण वेळेवर, देठ आधी, पानं मागून. पण लसूण तळाला धरून बसला. पानं चिकटली, सुटेनात, उलथन्याने खरवडली तशी फाटली. ती परतत राहिली, नेहमीपेक्षा हळू नाही की घाईने नाही. शेवटी लिंबू पिळलं आणि माझा कोवळा हिरवा पाला शाईसारखा काळा झाला. पाण्यात पडलेल्या किल्लीसारखा वास सुटला.

तिने वाटी भरली आणि स्वतः नेऊन साहेबापुढे ठेवली.

साहेबाने घास घेतला. चावला. थांबला. रुमाल काढून तोंडातलं त्यात घेतलं.

"हे काय आहे? ट्रकची बिजागरी चाटल्यासारखं लागतंय."

एकटा वेल्डर हसला.

"वन्सं, तुम्ही मुद्दाम केलंत!" मालकीणबाई ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ॲल्युमिनियमची पुढे केली होती मी! सगळ्यांनी पाहिलंय!"

"हो, मी मुद्दाम केलं," आक्का म्हणाली. "तू केलंस ते न कळता केलंस, एवढाच आपल्यात फरक. साहेब, पाला चांगला होता, तेल ताजं होतं. तुम्ही खाल्लंत ते आमच्या भावजयीचं काम. तिच्या हाताची चव तुम्हाला कळावी म्हणून वाढलं."

साहेब उठला. "तुमच्या घरचं भांडण माझ्या ताटात कशाला?" एवढं बोलून तो रस्ता ओलांडून गेला. कंत्राट त्याच्याबरोबर गेलं, हे कुणी सांगायला नको होतं.

मग भाऊ उठला. त्याने आधी रेडिओ बंद केला. इतक्या वर्षांत मी त्याला तसं करताना पाहिलं नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "तुझं इथलं संपलं आता."

"आता नाही. सकाळी संपलं, विटेच्या भुकटीत. तू उशिरा बघितलंस. लहानपणापासून तुला सगळं उशिराच दिसतं."

कढईत उरलेली काळी भाजी तिने मालकीणबाईंच्या पातेल्यात ओतली. भिंतीवरचं झाकण काढलं आणि पातेल्यावर नीट, कडेला कड लावून ठेवलं.

"घे. झाकली. फ्रिज आला की आत ठेव."

वळकटी काखेत, फडक्याने आतबाहेर पुसलेली कढई दुसऱ्या हातात. तेलाचा डबा तिने नेला नाही. दारात मी उभा होतो, उरलेल्या जुड्या धरून. ती थांबली, एक पान खुडलं, बोटांत कच्चकन मोडलं.

"चांगला होता," ती म्हणाली. "वाया घालवला मी."

मी जुड्या सावरेपर्यंत ती रस्त्यावर पोचली होती.

दुपारचं ऊन होतं, आणि घासलेली कढई तिच्या हातात अशी चमकत होती की कारखान्यातल्या माणसांनी डोळ्यांवर हात आडवे धरले. काळी असती तर ती थोड्याच अंतरावर दिसेनाशी झाली असती. आता कारखान्याच्या गोदामाच्या लांब भिंतीपासून पार वळणापर्यंत तो ठिपका दिसत राहिला. वेल्डर रस्त्यात येऊन बघत होता. मालकीणबाई दारात होत्या, सोललेली बोटं तोंडाशी धरून. भाऊ कोपऱ्यातल्या खिडकीशी गेला होता आणि गजांना धरून उभा होता. त्याच्या मागे तिची चूल मोठ्या जाळाने तशीच पेटलेली होती, वर काहीच नसताना.